चिंगीला लूत नाही लागलेली, ती गाभण आहे (कानामागचं प्रकरण मात्र वेगळं)

पत्र:

ताई, मी डोंबिवलीत भाड्याने राहते, मी आणि माझी रूममेट. आमच्याकडे चिंगी आहे, दीड वर्षाची, पांढरी आणि केशरी. जूनच्या ६ आणि ७ तारखेला रात्री ती किचनच्या खिडकीतून निसटली, आधीचे तीन-चार दिवस नुसती लोळत आणि ओरडत होती, ८ ला सकाळी आली ती डायरेक्ट झोपलीच. आता पोट गोल झालंय, तो धक्का आम्ही पचवला. पण गेल्या दहा-बारा दिवसांत तिच्या पोटावरचे केस जायला लागलेत, सडांच्या भोवती तर गोल गोल टक्कल पडलंय, सड गुलाबी आणि मोठे झालेत आणि टोकाला काळपट खपली दिसते. एका बाजूला चार आहेत, दुसऱ्या बाजूला तीनच. खालच्या मजल्यावर आमच्या घरमालकीण काकू राहतात, त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या लूत लागलीय, सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरेल, लांब नेऊन सोड हिला. मी दोन दिवस हळद आणि खोबरेल तेल लावलं पण ती सगळं चाटून टाकते. काकू म्हणतात डेटॉलच्या पाण्याने पूस नाहीतर तेलात कापूर घालून लाव. काय करू? पोट ती खाजवत वगैरे नाही. आणि हो, कानामागे पण एक छोटा गोल पॅच आहे, तिथे कोंडा झालाय, पण ते बहुतेक त्या दोन रात्रीत कुणाशी तरी भांडली त्याचं असेल. माझ्या हातावर पण पावसाळ्यात येतो तसा एक लाल गोल चट्टा आलाय.
— चिंगीची आई, १४ जुलै

उत्तर:

चिंगीच्या आई, आधी ते तेल बंद कर. हळद बंद, कापूर तर घरात तिच्या जवळपाससुद्धा नको, आणि डेटॉलची बाटली आहे तिथेच राहू दे. कारण तूच लिहिलंयस, ती सगळं चाटून टाकते. मांजराच्या अंगाला लावलेलं म्हणजे मांजराला पाजलेलं, हे मी गेली कित्येक वर्षं दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलेय आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी तेलात बुडवल्यासारखं चिकट झालेलं मांजर घेऊन येतंच. डेटॉलमध्ये क्लोरोझायलेनॉल असतं, माणसाच्या जखमेला ते चालतं, पण मांजराच्या लिव्हरला असली फिनॉल जातीची रसायनं नीट पचवता येत नाहीत, आणि कापूर तर चाटून पोटात गेला तर फिट्स येऊ शकतात. हळद-खोबरेलने दोन दिवसांत काही आकाश कोसळलेलं नाही, फार तर शी थोडी पातळ झाली असेल, पण फायदा शून्य आणि तुझी चादर पिवळी.

आता पोटाबद्दल. तू जे वर्णन केलंयस ना, सडांच्या भोवती गोल टक्कल, सड गुलाबी आणि फुगलेले, खाज नाही, हे वाचून मला खरं तर हसू आलं, कारण याच्याइतकं नॉर्मल दुसरं काही नाही. हा आजार नाही, ही तयारी आहे. ६ जूनच्या रात्री तिची बोक्याशी गाठ पडली असं धरलं तर साधारण पंधरा-अठरा दिवसांनी, म्हणजे २१-२४ जूनच्या आसपास, सड गुलाबी व्हायला सुरुवात झाली असणार, तेव्हा केसांत लपलेले असल्यामुळे तुझं लक्ष गेलं नसेल. मांजर गाभण आहे हे घरबसल्या ओळखायची पहिली खूण हीच, पोट त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, पाचव्या आठवड्याच्या सुमारास दिसायला लागतं. पहिलटकरीण असेल तर हा फरक जास्तच उठून दिसतो, कारण आधी तिथे जवळपास काहीच नसतं, तांदळाच्या कणीएवढं काहीतरी असतं. ज्या मांजरी दोन-तीनदा व्यालेल्या असतात त्यांचे सड कायमच थोडे लोंबलेले राहतात, त्यांच्यात तू एवढ्या लवकर ओळखलंही नसतंस.

केस का जातात? एक तर हार्मोन्स, प्रोजेस्टेरॉन वाढलेलं असतं, त्याने दुधाच्या ग्रंथी वाढायला लागतात, त्वचा ताणली जाते, तिथले केस विरळ होतात. आणि दुसरं म्हणजे ती स्वतः तो भाग चाटत राहते. विचार कर, पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले, कान बंद, नुसत्या वासावर आणि उबेवर आईचं पोट शोधत सरपटत येतात, तिथे केसांचं जंगल असून कसं चालेल, जागा मोकळी नको का? पांढऱ्या मांजरीत हे जास्त दिसतं कारण खालची गुलाबी कातडी लगेच नजरेत भरते, काळ्या मांजरीत त्याच गोष्टीकडे कुणी बघतही नाही.

टोकावरची काळपट खपली म्हणजे वाळलेला चिकट स्राव आणि मेलेली कातडी, बाकी काही नाही. ती नखाने काढू नकोस प्लीज. मला माहितीये हात शिवशिवतात, पण खाली नाजूक असतं आणि ओरखडा निघाला की तिथूनच जंतू आत जातात आणि मग पिल्लं प्यायला लागली की सड सुजतो. फारच मळकट वाटलं तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेलं मऊ सुती फडकं नुसतं टेकवायचं, घासायचं नाही.

एका बाजूला चार आणि दुसऱ्या बाजूला तीन? चालतंय. बहुतेक मांजरींना आठ असतात पण सहा, सात, नऊ, दहा असंही दिसतं. दूध पुरायला त्याने काही अडत नाही. सडांवरून एक आठवलं, एक गृहस्थ एकदा त्यांचा बोका घेऊन आले, म्हणाले डॉक्टर पोटाला गोचिडी चिकटल्यात, चिमट्याने ओढतोय पण निघतच नाहीत. बोक्याला पण सड असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या बोक्याने मला बघून नुसता सुटकेचा श्वास सोडला असावा.

तर काकूंची लूत. काकूंना दोष देऊ नकोस, रस्त्यावरच्या लूत लागलेल्या कुत्र्यांची अवस्था बघितलेल्या माणसाला केस गेलेलं जनावर दिसलं की तेच आठवणार. पण मांजराची खरी लूत पोटापासून सुरू होत नाही. ती बहुतेक वेळा कानाच्या कडेपासून सुरू होते, मग चेहरा, मान, तिथे जाड राखाडी खपल्या येतात, कातडी सुरकुतते, आणि खाज इतकी की मांजर झोपेतून उठून उठून खाजवतं, रक्त काढतं. तुझी चिंगी पोट खाजवतच नाही. आणि पिसवांची ॲलर्जी असती तर केस शेपटीच्या बुडाशी, पाठीवर, मांड्यांच्या आतून गेले असते आणि बारीक फणी फिरवल्यावर काळ्या मिऱ्याच्या पुडीसारखी घाण निघाली असती, ती ओल्या टिश्यूवर टाकली की लालसर तपकिरी डाग पडतो कारण ते पिसवांनी पिऊन हगलेलं रक्तच असतं. हे एकदा करून बघ मात्र, पावसाळा आहे आणि ती दोन रात्री बाहेर होती. पिसवा निघाल्या तर कुत्र्यासाठीचं मानेवर टाकायचं औषध कुणी दिलं तरी घेऊ नकोस, त्यात बऱ्याचदा परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला मारतं, शब्दशः. गाभण मांजरीला चालणारी औषधं आहेत, सेलामेक्टिनसारखी, पण ती वजन बघून डॉक्टरांनी द्यायची.

पोटाचा हिशोब एका वाक्यात लक्षात ठेवायचा तर असा: केस दोन्ही बाजूंना सारखे, फक्त सडांच्या भोवती विरळ झालेत, खालची कातडी स्वच्छ आणि मऊ आहे, मांजर तिथे त्रासलेलं नाही, तर ती आई होतेय. यातलं काहीही जुळत नसेल तर दाखवायचं.

आणि आता ज्याच्यासाठी मी हे एवढं लांबलचक उत्तर लिहायला बसलेय ते. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची दोन वाक्यं तू "आणि हो" म्हणून शेवटी टाकलीयस. कानामागे गोल पॅच, त्यात कोंडा. आणि तुझ्या हातावर लाल गोल चट्टा. पोटाच्या केसांवरून बिल्डिंगभर चर्चा आणि हे दोन्ही कुणाला दिसलंच नाही! मी पत्रावरून निदान करणार नाही, पण मांजराच्या अंगावर कोंड्याचा गोल चट्टा आणि त्याच वेळी घरातल्या माणसाच्या अंगावर गोल चट्टा म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं नाव येतं ते गजकर्णाचं, नायटा म्हण हवं तर. मांजरातलं गजकर्ण बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाच्या बुरशीने होतं आणि ते माणसाला लागतं. भांडणाची जखम गोल आणि कोरडी नसते, ती टोचल्यासारखी असते, सुजते, पू होतो, हात लावला की मांजर फिसकारतं.

इथे एक गोंधळ टाळ. सगळ्याच मांजरांना डोळा आणि कान यांच्यामधल्या जागेत केस विरळ असतात, कानाच्या पुढे. ते जन्मापासूनच तसं असतं, त्याकडे बघून घाबरू नकोस. पण कानाच्या मागे, गोल, कोंडा आणि कडेचे केस तुटके, हे नॉर्मलमध्ये बसत नाही, गाभणपणाचा आणि याचा काही संबंध नाही.

तर या आठवड्यात दोन डॉक्टर. तिच्यासाठी व्हेट, तुझ्यासाठी स्किनवाले. व्हेट बहुतेक अंधारात वुड्स लॅम्प धरतील, या बुरशीचे केस त्याच्या उजेडात पोपटी चमकतात, पण दरवेळी चमकतीलच असं नाही, म्हणून नाही चमकले तर सुटलो असं समजू नकोस, केस उपटून मायक्रोस्कोपखाली बघतात किंवा कल्चरला पाठवतात, त्याला दोन-तीन आठवडेही लागतात. आणि दारातून आत पाऊल टाकल्या टाकल्या पहिलं वाक्य हे बोलायचं: "ही गाभण आहे." विसरू नकोस, कारण नायट्याची जी सर्वांना माहीत असलेली गोळी आहे, ग्रिसिओफुल्विन, ती गाभण मांजरीला दिली तर पिल्लांमध्ये व्यंग येतं. इट्राकोनॅझोल, केटोकोनॅझोल यांपासूनही या दिवसांत लांबच राहतात. म्हणजे सध्या बाहेरून करायचा उपचारच हातात आहे, तो कुठला आणि कसा ते डॉक्टर ठरवतील आणि लावल्यावर वाळेपर्यंत ती चाटणार नाही याची सोयही तेच सांगतील. (हो, मीच वर म्हटलं लावलेलं म्हणजे पाजलेलं, म्हणूनच काय लावायचं हे ज्याला माहितीये त्याने ठरवायचं.)

मेडिकलवाल्याकडून ती तीन-चार औषधं एकत्र कोंबलेली खाजेची ट्यूब आणू नकोस, तिलाही नाही आणि तुलाही नाही. त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, चार दिवस खाज थांबते, आपण खूश, आणि बुरशी आतल्या आत मस्त पसरते, मग स्किनच्या डॉक्टरांना महिनोन्महिने निस्तरावं लागतं. आपल्याकडे हा प्रकार एवढा झालाय की साधा नायटा साधा राहिलेलाच नाही.

हे आत्ताच का करायचं ते सांगते. गजकर्ण मोठ्या धडधाकट मांजराला फारसं काही करत नाही, हळूहळू बरंही होतं, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांची प्रतिकारशक्ती कुठली असायला, त्यांना आईकडूनच लागतं आणि इवल्याशा जिवावर औषधं वापरणं फार कठीण. मी हे २० जुलैला लिहितेय, म्हणजे चव्वेचाळिसावा दिवस. मांजरीचे दिवस साधारण ६३ ते ६७, म्हणजे ८ ते १२ ऑगस्ट, एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे. तुझ्याकडे जेमतेम तीन आठवडे आहेत. तोवर तिच्या झोपायच्या चादरी गरम पाण्यात धुऊन कडक वाळव (जुलैत डोंबिवलीत कडक ऊन कुठून आणणार म्हणा, इस्त्री फिरव), घरातले केस रोज गोळा करून पिशवी बांधून टाक, कारण या बुरशीचे कण पडलेल्या केसांवर महिनोन्महिने जिवंत राहतात. फरशी साध्या साबणाच्या पाण्याने, आणि जिथे ती लोळते तिथे एक भाग ब्लीचला तीस-बत्तीस भाग पाणी असं करून, ती दुसऱ्या खोलीत असताना, आणि पूर्ण वाळल्यावरच तिला आत सोडायचं. फिनाईल नको. फिनाईलच्या ओल्या फरशीवरून ती चालते, मग पंजे चाटते, परत तेच.

तिला जवळ घेणं सोडू नकोस पण. फुल बाह्यांचा टीशर्ट घाल, नंतर हात धू, झालं. या दिवसांत काही मांजरी एकदम लाडीगोडीला येतात आणि आपण ढकललं की त्यांना कळतच नाही काय चुकलं.

आता पुढच्या तीन आठवड्यांत अंगात जे बदल होणारेत ते आधीच सांगून ठेवते, म्हणजे परत काकूंच्या दारात जायची वेळ येणार नाही. पोट दोन्ही बाजूंनी फुगेल, वरून बघितलं तर गाढवावर दोन गोण्या टाकल्यासारखी दिसेल. वजन एक-सव्वा किलोने वाढतं, चिंगी तीन किलोची असेल तर चार-सव्वाचारपर्यंत जाईल. मोजायचं असेल तर तिला उचलून वजनकाट्यावर उभी राहा आणि नंतर तुझं वजा कर, तुझा आकडा रूममेटला सांगायची गरज नाही. जुलैच्या शेवटी शेवटी ती आडवी झोपलेली असताना पोटावर लाटा उठताना दिसतील, ती पिल्लं. बघायचं, हात हलका ठेवायचा, पण आत किती आहेत हे दाबून मोजायचं नाही, ते काम डॉक्टरांचंसुद्धा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच असतं, आणि दाबून इजा होऊ शकते. मोजायचंच असेल तर पंचावन्न दिवसांनंतर, म्हणजे ३१ जुलैनंतर, एक्स-रे. तोपर्यंत हाडं नीट दिसायला लागतात आणि डोकी मोजता येतात. काहीजण विचारतात एक्स-रेने पिल्लांना काही होत नाही ना, तर इतक्या शेवटी एक काढल्याने नाही होत. मला तो आकडा हवाच असतो, कारण विताना चार आली आणि पाचवं आतच राहिलं हे आकडा माहीत असेल तरच कळतं.

पाठीकडे एक गंमत होईल. पोट आड आल्यामुळे तिला शेपटीचं बूड आणि मागचा भाग चाटता येणार नाही, मग तिथे कोंडा, गुठळ्या, कधी शीसुद्धा चिकटलेली. हा आजार नाही, अडचण आहे. मऊ ब्रशने विंचरायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, आंघोळ घालायची नाही.

शेवटच्या आठवड्यात सडांच्या दोन रांगा भरून येतील, पोटावर दोन लांब उशा शिवल्यासारख्या. मऊ, कोमट, सगळ्या सारख्या. विण्याच्या एक-दोन दिवस आधी सडाच्या टोकाशी दुधाचा थेंबही दिसतो. पिळून बघू नकोस, ते पहिलं दूध पिल्लांचं आहे. मागची जागा थोडी सुजल्यासारखी, एखादा पारदर्शक चिकट धागा, तेही ठीक.

यातलं ठीक नसलेलं कुठलं? एखादाच सड किंवा एकच बाजू गरम, लाल-जांभळी, दगडासारखी कडक आणि हात लावू देत नसेल तर तो मस्टायटिस, त्याच दिवशी दवाखाना. कधीकधी तरुण मांजरीत सगळेच सड काही दिवसांत भयानक मोठे होतात, लिंबाएवढे, संत्र्याएवढे, बघणाऱ्याला कॅन्सर वाटतो. तो कॅन्सर नसतो, प्रोजेस्टेरॉनला ग्रंथींनी दिलेलं जास्तीचं उत्तर असतं, गाभणपणात होतं आणि माज थांबवायचं इंजेक्शन दिलेल्या मांजरींमध्येही मी ते पाहिलंय. (म्हणून ते इंजेक्शन मला अजिबात आवडत नाही, ऑपरेशन करा आणि मोकळे व्हा.) त्याला उपचार आहे पण घरगुती नाही. बाकी आत्तापासून विण्यापर्यंत कधीही मागून रक्त, पू, घाण वासाचं किंवा हिरवट-काळं काही आलं, ती पूर्ण दिवसभर जेवली नाही, कोपऱ्यात जाऊन पडली, तर माझ्या पत्राची वाट बघू नकोस. विताना मात्र पिल्लांबरोबर थोडं हिरवट-काळपट येतंच, तेव्हा घाबरायचं नाही. पण ती जोर लावतेय लावतेय आणि वीस-तीस मिनिटांत पिल्लू येत नाही, तर रिक्षा. रात्री कुठला दवाखाना उघडा असतो हे आजच शोधून नंबर फ्रिजवर चिकटव, आमच्यासारखे जे परळला शिकले ते सवयीने बैलघोडा हॉस्पिटल सांगतात, पण रात्री दोनला डोंबिवलीहून परळ काही खरं नाही, तुला जवळचंच लागेल.

थर्मामीटर लावायची हिंमत असेल तर एक खूण सांगते, मांजराचं नॉर्मल तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट, ते १०० च्या खाली आलं की बहुतेक पुढच्या बारा ते चोवीस तासांत ती विते. हिंमत नसेल तर राहू दे, थर्मामीटर कुठे लावतात हे कळल्यावर बहुतेकांची नसतेच, आणि चिंगीची तर त्याहून नसेल.

खाण्याचं थोडक्यात: लहान पिल्लांसाठीचं जे किटन फूड मिळतं तेच तिला आता दे, त्यात जास्त ताकद असते, आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं, पोटात जागाच नाही एकावेळी. नुसत्या दूध-पोळीवर गाभण मांजर नाही निघत, दुधाने उलट हगवण लागायची शक्यता. कॅल्शियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नकोस, आधीच जास्त दिलं तर शरीर स्वतःचं कॅल्शियम हाडांतून काढायला आळशी होतं आणि दूध पाजताना गडबड होते. लसही आत्ता नको, डॉक्टरांना विचारून नंतर. आणि केसांचं अजून एक, व्याल्यावर दोनेक महिन्यांत तिच्या अंगावरचे केस भसाभस गळतील, बाळंतपणानंतर बायकांचे गळतात तसेच, तेव्हा मला "ताई परत लूत" असं पत्र टाकू नकोस. ते परत येतात. पोटावरचेही येतात.

काकूंना सांग की पोटावरचं दुखणं नाही, ते मी लिहिलंय म्हणून वाचायला दे हवं तर. कानामागच्या डागाचं मात्र लपवू नकोस, तो खरंच पसरणारा निघू शकतो, त्यावर औषध चालू आहे आणि ती जिन्यात येणार नाही एवढं प्रामाणिकपणे सांगितलंस तर त्यांचाही विश्वास बसेल. त्या "लांब नेऊन सोड" म्हणाल्याच परत, तर शांतपणे सांग की पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं राहील अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. भांडू नकोस, भाड्याचं घर आहे, आणि कायद्याचं वाक्य पहिलं नाही, चहा झाल्यावर.

ती किचनची खिडकी मात्र जाळी लावून आजच बंद कर. आता नाही, पण व्याल्यावर पिल्लं पीत असतानाच ती परत माजावर येऊ शकते आणि तू ऑक्टोबरमध्ये हेच पत्र परत लिहिशील. पिल्लांचं दूध सुटलं, साधारण आठ आठवड्यांनी, की तिचं ऑपरेशन करून टाक.

एक खोका आण, ती आत ताठ उभी राहील एवढा, एका बाजूने कापलेला, आत जुनी सुती साडी, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात ठेव. ती तिथे विईल याची गॅरंटी मी देत नाही, मांजरी आपली जागा स्वतः ठरवतात आणि पिल्लं झाल्यावर सात घरं फिरवतात असं आपल्याकडे म्हणतातच, त्यामुळे ऑगस्ट लागला की रूममेटच्या कपड्यांच्या कपाटाचं दार लावलेलं आहे ना हे रोज बघ, त्याआधी आत चिंगी नाही ना तेही बघ. एक्स-रे काढलास की किती निघाले ते कळव, आणि हाताच्या चट्ट्याला डॉक्टर काय म्हणाले तेही.